वाचकांचे प्रश्न : एकट्या संशोधकाची पेटंटे

गेल्या अंकात वॉल्टर हंट (१७९६–१८५९) या अमेरिकी संशोधकाविषयी एक लहानसे टिपण छापले होते. सेफ्टी पिन, शिलाई यंत्र, शाई साठवणारे पेन, सुरीला धार लावण्याचे साधन, कागदी कॉलर आणि बंदुकीची गोळी अशा परस्परांशी काहीही नाते नसलेल्या वस्तूंवर या माणसाने काम केले, आणि त्यामागे ना कारखाना होता ना प्रयोगशाळा, असे त्यात म्हटले होते. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न पुढे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी आयुष्यभर यंत्रशास्त्र शिकवले आणि विद्यार्थ्यांना एकच विषय धरून खोल जाण्याचा उपदेश केला. जो माणूस आज टाचणीवर, उद्या बुटावर आणि परवा बंदुकीवर पेटंट घेतो, त्याच्या कामाला चंचलपणा का म्हणू नये?
— एक निवृत्त प्राध्यापक

उत्तर : आपल्या प्रश्नातील शंका रास्त आहे, पण विविधता मोजताना आपण वस्तूंची नावे मोजत आहात. संशोधक वस्तूच्या नावाकडे पाहत नाही, वस्तूतील हालचालीकडे पाहतो. ताणलेली तार मागे येऊ पाहते, कागदाची घडी ठरावीक रेषेवर पडते, फटीत ठोकलेली पाचर फट रुंदावते. अशा आठदहा हालचाली ज्याच्या हातात पक्क्या बसल्या आहेत, त्याला क्षेत्र बदलताना नवे शास्त्र शिकावे लागत नाही. त्याला नवी अडचण तेवढी भेटावी लागते.

जर्मनीतील आर्थर फिशर (१९१९–२०१६) यांचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते. त्यांच्या नावावर पेटंटे आणि उपयुक्तता नमुने (लहान सुधारणांना मिळणारे पेटंटासारखे हक्क) मिळून ११०० हून अधिक नोंदी आहेत. पहिला मोठा शोध १९४९ मधला. कॅमेऱ्याची झडप उघडते त्याच क्षणी पेटणारा फ्लॅश त्यांनी बनवला आणि तो एका बड्या कॅमेरा कंपनीने घेतला. १९५८ मध्ये त्यांनी भिंतीत स्क्रू पक्का बसवणारी नायलॉनची गिट्टी तयार केली. भिंतीला ड्रिलने भोक पाडावे, त्यात गिट्टी बसवावी आणि स्क्रू फिरवावा, म्हणजे गिट्टीचे चिरलेले दोन भाग बाजूंना फाकून भोकाच्या कडांवर दाब देतात, आणि स्क्रूबरोबर गिट्टीनेही फिरू नये म्हणून तिला बाहेरून काटेरी दात व जिभा ठेवलेल्या असतात. हीच आतून फाकून धरण्याची युक्ती पुढे त्यांनी मोडलेले हाड जोडण्यासाठीही वापरली. भिंत आणि हाड ही ग्रंथालयात दोन वेगळ्या कपाटांत ठेवलेली शास्त्रे आहेत. गिट्टीला मात्र दोन्ही ठिकाणी एकच काम करायचे असते.

अमेरिकी संशोधक मार्गारेट नाइट (१८३८–१९१४) यांची वाटचालही याच अंगाने वाचता येते. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्या कापडगिरणीत होत्या. तेथे मागावर आडवा धागा नेणारा धोटा उडून त्याचे पोलादी टोक लागून कामगार जखमी होतो, हे पाहून त्यांनी धोटा जागेवर राखणारी युक्ती काढली. तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही. पुढे सपाट तळाची कागदी पिशवी बनवणारे यंत्र, त्यानंतर बुटाचे तळवे कापणारी यंत्रे आणि उतारवयात फिरत्या इंजिनांचे भाग, असा त्यांचा प्रवास झाला. पण पिशवीचे यंत्र कागद कापते, दुमडते आणि चिकटवते, तर तळव्याचे यंत्र चामडे कापते. धोट्याच्या मार्गावर नजर ठेवणाऱ्या मुलीला यातले फारसे काही परके वाटले नसावे, असे मला वाटते.

सगळेच शोध या सूत्रात बसतात असा माझा आग्रह नाही. छतावर डोके खाली करून चालता यावे म्हणून कसरतपटूंसाठी हंटने चोषणाचे बूट केले होते. त्यांचे सेफ्टी पिनशी नाते जुळवण्याचा प्रयत्न मी करून पाहिला आणि सोडून दिला.

प्रश्न : हंटने सेफ्टी पिनचे पेटंट अवघ्या ४०० डॉलरना विकले हे वाचून वाईट वाटले. त्याला कोणी फसवले का? शिवाय रोमन लोक कपड्यांना लावत त्या काट्यांची चित्रे मी पाहिली आहेत, त्या तर हुबेहूब सेफ्टी पिन दिसतात. मग ही वस्तू नवी कशी ठरली?
— एक वाचक

उत्तर : दुसरा भाग आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. रोमन काळातील, आणि त्याहूनही जुन्या, काट्यांना वेटोळ्याची स्प्रिंग होती आणि टोक अडकवायला खोबणही होती, हे खरे आहे. हंटचे पेटंट क्रमांक ६२८१ असून ते १० एप्रिल १८४९ रोजी मिळाले. त्यात त्याने पिन शोधल्याचा दावा केलेला नाही. त्याचे म्हणणे असे, की ही पिन तारेच्या एकाच तुकड्याची आहे, तारेला मधोमध दिलेले वेटोळे स्प्रिंगचे काम करते, दुसऱ्या टोकाला टोपीसारखा पकडणारा भाग आहे, आणि स्प्रिंगच्याच जोराने टोक त्या पकडीत दाबून राहते. सांधा नाही म्हणून तो तुटत नाही, खीळ नाही म्हणून ती झिजून ढिली होत नाही, आणि टोक झाकलेले असल्यामुळे बोटाला टोचत नाही, हे फायदेही त्याने तेथेच लिहून ठेवले आहेत.

हातात एक सेफ्टी पिन घेऊन हे पडताळून पाहा. उघडलेली पिन वेटोळ्यापाशी धरून दाबली, की टोक आत जाताना बोटाला जो विरोध जाणवतो, तोच विरोध टोक सोडल्यावर पकडीत अडकवून ठेवणारे बळ होतो. कुलूप आणि स्प्रिंग असे दोन वेगळे भाग नाहीत. बंद करताना आपण खर्च केलेला जोरच पिन बंद ठेवतो. आजच्या बहुतेक पिनांना पत्र्याची वेगळी टोपी असते, म्हणजे हंटच्या एकाच तारेपासून त्या थोड्या दूर गेल्या आहेत. पण वेटोळे तेच आहे.

आता ४०० डॉलर. सांगितली जाणारी हकीकत अशी, की पेटंटाची चित्रे काढणाऱ्या कारागिराचे १५ डॉलर हंटकडे थकले होते आणि ते फेडण्याच्या विवंचनेत त्याने तारेशी चाळा करता करता ही पिन बनवली. हक्क ताबडतोब विकले गेले. ही फसवणूक म्हणता येत नाही, कारण विकणारा आणि घेणारा दोघेही राजी होते. मात्र याच माणसाने शिलाई यंत्राबाबत जे केले ते अधिक महागात पडले. १८३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्याने टोकाशी नेढे असलेली सुई आणि खालून दुसरा धागा नेणारा धोटा एकत्र आणून दुहेरी टाका घालणारे यंत्र तयार केले होते. त्याने त्याचे पेटंट मात्र घेतले नाही. शिंपीकाम करणाऱ्या बायकांची रोजी जाईल असे मुलीने सांगितल्यामुळे त्याने हात आखडता घेतला, असे सांगतात. १८४६ मध्ये एलियास होव या दुसऱ्या अमेरिकी संशोधकाला जवळजवळ तशाच रचनेचे पेटंट मिळाले. पुढे प्रकरण पेटंट आयुक्तांपुढे गेले तेव्हा, १८५४ मध्ये, हंटचा शोध आधीचा असल्याचे मान्य झाले. तरीही होव यांचे पेटंट कायम राहिले, कारण हंटने इतकी वर्षे काहीच हालचाल केली नव्हती. शिलाई यंत्रांचे उत्पादक आयझॅक सिंगर यांनी १८५८ मध्ये हंटला ५०,००० डॉलर देण्याचे कबूल केले, परंतु ती रक्कम हाती येण्याआधी १८५९ मध्ये हंट वारला.

कमी पैशात विकलेल्या पिनेपेक्षा मला ही दुसरी गोष्ट जास्त बोचते. पिनेचे पेटंट निदान कोणाच्या तरी नावे झाले आणि आज आपण हंटचे नाव घेतो ते त्याच कागदामुळे. शिलाई यंत्राच्या बाबतीत त्याचे नाव जाणकारांच्या पुस्तकांपलीकडे जात नाही.

प्रश्न : पुस्तक एका हाताने धरून वाचता यावे यासाठी मला एका चिमट्याची कल्पना सुचली आहे. पुस्तकाची दोन्ही पाने उघडी राहतात आणि अंगठा मोकळा राहतो. या कल्पनेचे पेटंट मला मिळेल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी

उत्तर : "पाने उघडी ठेवणारा चिमटा" या कल्पनेचे पेटंट मिळणार नाही, कारण ती अजून इच्छा आहे. ती इच्छा कोणत्या रचनेने पूर्ण होते हे असे लिहिता आले पाहिजे, की त्या विषयाचा सामान्य जाणकार माणूस तुमचा कागद वाचून चिमटा बनवू शकेल. रचना जगात आधी कोठेही उघड झालेली नसावी, जाणकाराला सहज सुचेल अशी पुढची पायरी ती नसावी, आणि तिचे उत्पादन किंवा वापर करता यावा, या तीन कसोट्या थोड्याफार फरकाने सर्व देशांत लावल्या जातात.

आता तुम्ही न विचारलेली, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. पेटंटाच्या तपशीलपत्राला चित्रे असतात, वर्णन असते आणि शेवटी क्रमांक दिलेले काही दावे असतात. कायद्याचे रक्षण प्रामुख्याने त्या दाव्यांच्या शब्दांना मिळते. समजा तुम्ही लिहिलेत, "मधोमध वाकवलेली पोलादी पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना रबरी गाद्या, आणि मध्ये अंगठा घालण्याचे कडे." वाक्य नेटके वाटते. पण ज्याला तुमचा चिमटा उचलायचा आहे तो पट्टी प्लास्टिकची करील आणि सांगेल, "पोलाद कुठे आहे?" त्याऐवजी "लवचीक पट्टी" म्हटले असते तर तो सापडला असता. गाद्या नसल्या तरी चिमटा चालतो का? चालत असेल तर पहिल्या दाव्यात गाद्यांचा उल्लेखच नको. त्या दुसऱ्या, दुय्यम दाव्यात घालाव्यात. दाव्यात लिहिलेला प्रत्येक घटक समोरच्याच्या वस्तूत असावा लागतो, म्हणून एकेक अनावश्यक शब्द हे त्याच्यासाठी उघडे ठेवलेले दार असते. उलट टोकाला जाऊन "पाने उघडी ठेवणारे कोणतेही साधन" असे लिहिलेत, तर परीक्षक जुन्या पेटंटांतून दहा उदाहरणे काढून तो दावा नाकारील.

वर सांगितलेला हंटचा मजकूर या नजरेने पुन्हा वाचा. "एकाच तारेची" हे शब्द त्याच्या पिनेला जुन्या काट्यांपासून वेगळे करण्याच्या कामी येतात, आणि तेच शब्द तिची मर्यादाही होतात.

माझ्याकडे पाहण्यासाठी येणाऱ्या मसुद्यांत चित्रांवर महिनोन्महिने खर्ची पडलेले दिसतात आणि दावे शेवटच्या रात्री लिहिलेले असतात. तुम्ही क्रम उलटा ठेवा. चिमट्याचा एकेक भाग काढून टाकून पाहा. ज्या भागाशिवाय चिमटा चालत नाही, तेवढेच भाग पहिल्या दाव्यात येतील.

प्रश्न : बाजारात मिळणारेच भाग जोडून केलेल्या वस्तूला पेटंट देणे मला अन्यायाचे वाटते. त्यात शोध तो काय?
— एक वाचक

उत्तर : हाच आक्षेप मोटारीची काच पुसणाऱ्या, थांबून थांबून चालणाऱ्या वायपरच्या खटल्यात घेतला गेला होता. अमेरिकी अभियंते रॉबर्ट कर्न्स यांना १९६७ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. लग्नाच्या रात्री बाटलीचे बूच उडून त्यांचा एक डोळा अधू झाला होता. पापणी सतत फिरत नाही, अधूनमधून मिटते, हे निरीक्षण त्यांना त्यानंतर सुचल्याचे ते सांगत. त्यांचे विद्युत मंडल साधे आहे. विजेचा प्रवाह रोखणाऱ्या रेझिस्टरमधून वीज साठवणारा कपॅसिटर हळूहळू भरतो, विद्युतदाब ठरावीक पातळीला पोहोचला की ट्रान्झिस्टर मोटर सुरू करतो, पाते एकदा काच पुसते, कपॅसिटर रिकामा होतो आणि पुन्हा भरू लागतो. रेझिस्टरचे बटण फिरवून दोन पुसण्यांमधला थांबा कमीजास्त करता येतो. यातला प्रत्येक भाग त्या काळीही सुट्या भागांच्या यादीत मिळत होता, आणि म्हणून हा शोध नव्हे, असे कर्न्स यांनी जिच्यावर दावा लावला त्या फोर्ड मोटार कंपनीचे म्हणणे होते. ज्युरीला ते पटले नाही. १९९० मध्ये फोर्डने १ कोटी २ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

भाग जुने असणे हा दोष नाही. ते तसे जोडावेत हे जाणकाराला आधीच उघड दिसत होते का, एवढाच प्रश्न असतो. आपल्या भाषेतले सगळे शब्दही कोशात आहेतच. मात्र या खटल्याकडे केवळ विजय म्हणून पाहू नये. त्यात कर्न्स यांची उमेदीची वर्षे गेली, संसार मोडला, आणि त्यांना स्वतः वायपर बनवायचे होते ते राहूनच गेले.

प्रश्न : अर्ज करण्यापूर्वी प्रतिकृती बनवायला दुसऱ्या कारागिराकडे जावे लागते. तेथून कल्पना चोरीला गेली तर? आणि प्रदर्शनात मांडली तर चालेल का?
— दोन वाचक, वेगवेगळ्या पत्रांतून

उत्तर : मार्गारेट नाइट यांच्यावर नेमका हाच प्रसंग आला. पिशवीच्या यंत्राची लाकडी प्रतिकृती चालल्यावर लोखंडी यंत्र बनवण्याचे काम त्यांनी बोस्टनमधील कारागिरांकडे दिले. तेथे चार्ल्स अ‍ॅनन नावाच्या माणसाने ते पाहिले आणि स्वतःच्या नावे पेटंट मागितले. नाइट यांनी तारखा असलेली रेखाटने, प्रतिकृती आणि त्या पाहिलेल्या साक्षीदारांच्या जबान्या उभ्या केल्या, दावा जिंकला आणि ११ जुलै १८७१ रोजी पेटंट मिळवले.

आज मात्र केवळ तारखेच्या वहीवर विसंबू नका. पूर्वी अमेरिकेत आधी शोध लावणाऱ्याचा हक्क मानला जाई. मार्च २०१३ पासून तेथेही, इतरत्र होते त्याप्रमाणे, आधी अर्ज करणाऱ्याला अग्रक्रम आहे. समोरच्याने तुमच्याकडूनच उचलले हे सिद्ध करण्यासाठी वहीचा उपयोग अजूनही होतो, पण दोघांना स्वतंत्रपणे सुचले असेल तर वही कामाची नाही. कारागिराला नमुना दाखवण्याआधी गुप्ततेचा लेखी करार करा, किंवा त्याहून सोपे म्हणजे यंत्राचे दोन भाग दोन ठिकाणी बनवून घ्या. अमेरिकी संशोधक बेउला लुईस हेन्री (१८८७–१९७३) यांना यांत्रिक शिक्षण नव्हते, त्यामुळे त्यांना सतत दुसऱ्यांच्या हातांवर अवलंबून राहावे लागे. तरीही रंगीत आवरण बदलता येणाऱ्या छत्रीपासून बॉबिन नसलेल्या शिलाई यंत्रापर्यंत ४९ पेटंटे त्यांच्या नावावर झाली. म्हणजे दुसऱ्याकडे जाणे टाळायला नको, फक्त त्याआधी कागद तयार हवा.

प्रदर्शनाबाबत माझे मत कडक आहे. अर्जाआधी मांडू नका. काही देशांत उघड केल्यानंतर अर्जासाठी वर्षभराची सवलत मिळते, युरोपात जवळजवळ मिळत नाही, आणि एकदा नावीन्य गेले की ते परत आणता येत नाही.

प्रश्न : एका देशात मिळालेले पेटंट सगळ्या जगात चालते का?
— एक वाचक

उत्तर : नाही. १८८३ च्या पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जाची तारीख धरून इतर सदस्य देशांत १२ महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. १९७० च्या पेटंट सहकार्य करारातून एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करून बहुतेक देशांसाठीचा निर्णय ३० महिन्यांपर्यंत पुढे ढकलता येतो. शेवटी पेटंट देतो तो प्रत्येक देशच.

प्रश्न : माझ्या वडिलांची स्वयंपाकघरातील साधने, सायकल आणि पाण्याचे पंप अशा विषयांवर सहा पेटंटे आहेत. एकाचेही उत्पादन झाले नाही. पेटंटे चालू ठेवण्याचे दरवर्षीचे शुल्क भरत राहावे की सोडून द्यावे, असा घरात वाद आहे.
— एक वाचक

उत्तर : सहा पेटंटांचा निर्णय एकदम घेऊ नका. ती सहा वेगळी माणसे आहेत असे समजून एकेकाला समोर बसवा.

मुदत साधारणपणे अर्जापासून २० वर्षांची असते आणि बहुतेक देशांत शुल्क वर्षागणिक वाढत जाते. म्हणून पहिला प्रश्न, किती वर्षे उरली आहेत? दुसरा, पहिल्या दाव्यात बसणारी वस्तू आज कोणी बनवत आहे का? वडिलांच्या चित्रासारखी दिसणारी वस्तू शोधू नका, दाव्यातील शब्द हातात घेऊन शोधा. तिसरा, ज्या जोडवस्तूवाचून त्यांचा शोध निरुपयोगी आहे, ती बाजारात आली आहे का? अमेरिकेतील मेरी अँडरसन यांना हाताने चालवण्याच्या वायपरचे पेटंट १९०३ मध्ये मिळाले. १९०५ मध्ये एका कंपनीने त्यात व्यापारी अर्थ नाही असे कळवून ते नाकारले. त्यावेळी मोटारीच थोड्या होत्या. मोटारी सर्वत्र झाल्या आणि वायपर त्यांचा नेहमीचा भाग बनला, तोवर १९२० मध्ये पेटंटाची मुदत संपलेली होती. त्यांच्या शोधात काही उणे नव्हते. मोटारी मागे होत्या आणि मुदत पुढे धावत होती.

आपल्या वडिलांच्या सहापैकी पंपाच्या पेटंटाला सर्वांत जास्त वर्षे उरली आहेत असे पत्राच्या शेवटी आपण लिहिले आहे. निदान त्याच्या पहिल्या दाव्याची प्रत मला पाठवा. बाकीच्या पाचांचा विचार त्यानंतर करू, आणि तोवर कोणत्याही शुल्काची तारीख चुकू देऊ नका.